पोपट बाल्कनीत हवेत? मग धान्य सगळ्यात शेवटी ठेवा

पोपटांसाठी म्हणून काहीतरी टांगायचं आणि महिन्याभरात तिथे कबुतरांचा अड्डा व्हायचा, हे मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की समोरच्याने तोंड उघडलं की पुढचं मीच सांगतो. शनिवारी ऑनलाइन मागवलेला फीडर येतो. रविवारी त्यात तांदूळ नाहीतर बाजरी भरली जाते. सोमवारी एक कबुतर येतं, पुढच्या रविवारी दहा. मग फीडर माळ्यावर जातो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडे पोपट येतच नाहीत."

पोपट असतात. सकाळी सहा-साडेसहाला 'कीऽ कीऽ' करत इमारतीवरून बाणासारखे जातात, तेच ते. चुकतो तो क्रम. सपाट जागेवर पडलेलं धान्य कबुतराच्या नजरेतून सुटत नाही. पोपट आधी लांबून जागा बघतो, मग जवळच्या फांदीवरून बघतो, मग चार दिवस येतच नाही. पहिल्याच दिवशी धान्य ठेवलंत तर शर्यत सुरू व्हायच्या आतच कबुतर जिंकलेलं असतं. म्हणून खाली दिलेल्या क्रमात धान्य सहाव्या टप्प्यावर येतं. मधले टप्पे गाळू नका.

हे सगळं पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत शिकलेलं आहे. बंगल्याची बाग किंवा गच्ची असेल तर काम सोपं होईल, क्रम मात्र तोच ठेवा.

सुरुवातीआधी: हे तुमच्या घरासाठी आहे का?

घरात कुणाला दमा असेल, फुप्फुसाचा जुना आजार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर बाल्कनीत पक्ष्यांना खाऊ घालू नका. पक्ष्यांची वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ नाकात जाऊन फुप्फुसांना सूज येऊ शकते. कबुतरांच्या बाबतीत हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. २०२५ मध्ये मुंबईतले कबुतरखाने बंद करण्यावरून केवढं रान उठलं होतं ते आठवत असेल. पोपट यातून सुटत नाहीत. सिटाकोसिस नावाचा जिवाणूंमुळे होणारा फुप्फुसाचा आजार पोपटांच्या विष्ठेच्या धुळीतूनही माणसाला होऊ शकतो. घाबरून जाण्याचं कारण नाही, पण फीडर बेडरूमच्या खिडकीला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर नको.

दुसरी गोष्ट खालच्या मजल्यावरची. पोपट खातो थोडं, सांडतो फार. अर्धी शेंग खाली टाकायची आणि नवी उचलायची, ही त्याची रीतच आहे. पहिल्या वर्षी खालच्या काकूंच्या वाळवणात माझ्याकडची टरफलं पडली. वाळवण पापडांचं होतं. पुढचं सांगत नाही. आधी खाली जाऊन बोला, सोसायटीचा नियम काय आहे तो विचारा, मगच तार विकत आणा.

तपासणी: घरात श्वासाचा त्रास कुणाला नाही, खालच्या घरी सांगून झालं आहे, आणि रोज सकाळी दहा मिनिटं देणारं एक माणूस घरात आहे. तिन्हीला 'हो' असेल तर पुढे चला.

टप्पा १: आठ दिवस नुसतं बघा

काहीही विकत घेऊ नका. कागद-पेन्सिल घेऊन सूर्य उगवल्यापासून तासभर आणि संध्याकाळी चार ते सूर्यास्तापर्यंत, जमेल तेवढा वेळ बाल्कनीत बसा. तीन गोष्टी टिपा: पोपट कोणत्या दिशेने कोणत्या दिशेला जातात, वाटेत कुठल्या झाडावर थांबतात, आणि तुमच्या बाल्कनीपासून ते झाड किती लांब आहे.

आपल्या शहरांत दिसणारा बहुतेक पोपट हा साधा पोपट, म्हणजे शेपटीसकट साधारण ४० सेंटिमीटर लांबीचा हिरवा पक्षी, लाल चोचीचा. पूर्ण वाढलेल्या नराच्या गळ्याला काळी-गुलाबी पट्टी असते; मादीला आणि लहान पिल्लांना ती नसते. पट्टी नसलेला पोपट म्हणजे वेगळी जात, असा निष्कर्ष काढू नका. त्याच्यापेक्षा ठळकपणे मोठा, खांद्यावर लाल डाग असलेला दिसला तर तो मोठा पोपट. पुण्या-मुंबईत तोही आहे आणि त्याची चोच नखभर प्लास्टिकचा चुरा करते.

इथे एक नेहमीचा गोंधळ. 'आमच्याकडे राघू येतो, पण दाण्याला तोंड लावत नाही' असं कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, तारेवर बसतो का? बसून हवेतले किडे पकडतो का? तो वेडा राघू. रंग हिरवा असला तरी पोपटाशी त्याचं नातं नाही आणि तुमच्या ज्वारीकडे तो ढुंकूनही बघणार नाही. झाडात लपून 'टुक टुक टुक' करणारा हिरवा पक्षी तांबट. त्याला फळं हवीत, धान्य नको.

पोपट उंबर, वड, पिंपळ, विलायती चिंच, शेवगा, काटेसावर, पांगारा यांवर थांबतात, कारण फळं, शेंगा, फुलं असं सगळंच ते खातात. यातलं एखादं झाड समोर असेल आणि पोपट त्यावर उतरत असतील, तर तुमचं अर्धं काम झालं आहे. आठ दिवसांत एकही पोपट दिसलाच नाही, नुसता आवाजही नाही, तर फीडरवर पैसे घालवू नका. फीडर पोपटांना दुसऱ्या भागातून ओढून आणत नाही. जे आधीच तुमच्या डोक्यावरून जातात, त्यांना फक्त थांबायला जागा देतो.

सुरुवात कधी करावी? पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरात. धान्य कोरडं राहतं आणि पक्ष्यांना सवय लागायला पुढचे कोरडे महिने हाताशी असतात.

टप्पा २: जागा ठरवा

या टप्प्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. जागा चुकली तर बाकी सगळं बरोबर करूनही उपयोग होत नाही, आणि जागा बरोबर असेल तर फुटक्या बशीवरही पोपट येतात.

पोपटाला उडून जायची वाट दिसली पाहिजे. तीन बाजूंनी भिंत असलेल्या कोनाड्यात तो शिरणार नाही. कठड्याचा बाहेरचा कोपरा, जिथून दोन बाजूंना मोकळं आकाश आहे, ती जागा उत्तम. त्याची शेपूट लांब असते, म्हणून बसायच्या काठीच्या मागे आणि खाली निदान ३० सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. शेपूट भिंतीला घासली तर तो पुन्हा बसत नाही.

काचेचं अंतर मोजा. खिडकीच्या काचेत झाडाचं प्रतिबिंब दिसतं आणि दचकून उडालेला पक्षी थेट त्यावर आदळतो. फीडर काचेपासून एक मीटरच्या आत ठेवा, म्हणजे वेग घ्यायलाच जागा उरत नाही. नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. मधलं अंतर सगळ्यात वाईट, आणि बहुतेक बाल्कन्यांत नेमकं तेच निवडलं जातं, कारण 'फोटो चांगला येतो'.

एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ, छज्जाजवळ, पाण्याच्या पाइपच्या वळणाजवळ टांगू नका. ती कबुतरांची घरं आहेत. कुंड्यांच्या रांगेवरून मांजर पोचू शकेल अशी जागाही बाद.

सावधान: बाल्कनीत छताचा पंखा असेल तर फीडर तिथे लावूच नका, किंवा पंख्याची वायर इलेक्ट्रिशियनकडून कायमची काढून घ्या. 'आम्ही लावत नाही' हे पुरेसं नाही, पाहुणे लावतात.

सावधान: बाल्कनीला कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी असेल तर तिला लागून काही टांगू नका. पोपट चोचीने धरून चढतो, आणि जाळीत त्याचे पाय अडकतात. जाळीच्या बाहेर टांगायचं असेल तर ग्रीलला धरून, दोन स्वतंत्र तारांनी. एक तुटली तरी खालच्या माणसाच्या डोक्यात काही पडता कामा नये.

टप्पा ३: सामान, आणि काय घ्यायचं नाही

ऑनलाइन मिळणाऱ्या फीडरांबद्दल एक गंमत. नळकांड्याभोवती बाहेरून तारेचा पिंजरा असलेला एक महागडा प्रकार मिळतो. मीही घेतला होता. पोपट यायचे, बाहेरून लटकायचे, आत चोच घालायचा प्रयत्न करायचे आणि शिव्या घालून निघून जायचे. नंतर कळलं की इंग्लंडमध्ये हा पिंजरा खारींना आणि चक्क पोपटांनाच बाहेर ठेवण्यासाठी लावतात, छोट्या पक्ष्यांना खाता यावं म्हणून. आपले हेच पोपट तिकडे लंडनच्या बागांत परके म्हणून नांदतात. तेव्हा वर्णन वाचून घ्या.

पाण्याच्या बाटलीला भोकं पाडून त्यात लाकडी चमचे खोचलेला 'घरगुती' फीडर पोपट आठवड्यात कुरतडतात. प्लास्टिकचे तुकडे पोटात जाऊ शकतात. नको.

जे लागतं ते साधं आहे:

पेरू किंवा कडुनिंबाची सालीसकट फांदी, अंगठ्याएवढी जाड, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटर. पोपटाच्या पायाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात; गुळगुळीत पाइपवर त्याची पकड बसत नाही. फांदीवर औषध फवारलेलं नसावं.

हार्डवेअरच्या दुकानातली जाड जी.आय. तार आणि दोन 'एस' हूक. नायलॉनची दोरी, सुतळी किंवा लोकर वापरू नका. दोरी तो कुरतडतो, आणि सुटलेले धागे त्याच्या किंवा दुसऱ्या पक्ष्याच्या पायाला गुंडाळतात.

स्टीलची एक छोटी वाटी, तळाला खिळ्याने पाच-सहा भोकं पाडलेली, कडा आतल्या बाजूला ठोकून बोथट केलेल्या.

फोलपटं झेलायला एक रुंद परात किंवा ट्रे, आणि त्यावर घट्ट बसेल अशी अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. ही जाळी विसरू नका. परात उघडी ठेवलीत तर तीच कबुतरांचं जेवणाचं ताट होते. जाळीतून टरफलाचा चुरा आणि दाणे खाली जातात, कबुतराची चोच पोचत नाही. परात जाळीपासून निदान चार बोटं खोल हवी. मला हे सुचायला दोन हिवाळे लागले.

फांदीचा तुकडा जेमतेम वीतभर ठेवा आणि तारेने असा टांगा की तो थोडा झुलेल. कबुतराचं वजन पोपटाच्या दुपटीहून जास्त असतं आणि त्याला सपाट, स्थिर जागा लागते. झुलत्या काठीवर ते तोल सावरत बसतं आणि कंटाळतं. पोपटाला झुलण्याचं काहीच वाटत नाही, तो उलटा लटकूनही खातो. एखादं हट्टी कबुतर हेही शिकतं, त्यावर पुढे.

याशिवाय एक लांब फांदी बाल्कनीच्या कठड्याला उभी बांधा, फीडरपासून मीटर-दीड मीटरवर. ही थांबायची फांदी. पोपट थेट वाटीवर उतरत नाही. आधी उंचावर बसून चारी बाजू न्याहाळतो. ती फांदी नसली की तो समोरच्या झाडावरच थांबतो, आणि तुम्ही म्हणता की येत नाही.

टप्पा ४: आधी फक्त पाणी

मातीचं पसरट भांडं, तीन ते पाच सेंटिमीटर पाणी, मध्ये एक खडबडीत दगड. थांबायच्या फांदीजवळ, पण तिच्या खाली नाही, नाहीतर विष्ठा थेट पाण्यात पडते. दहा-पंधरा दिवस एवढंच ठेवा.

पाण्यावर बुलबुल येतील, दयाळ येईल, चिमण्या असल्या तर चिमण्या येतील. त्यांना निवांत पाणी पिताना बघून जागा सुरक्षित आहे, ही बातमी पसरते. धान्याची बातमी कबुतरं नेतात, पाण्याची सगळेच नेतात.

पाणी रोज ओतून टाका, भांडं काथ्याने घासा, नवं भरा. नुसतं वर भरत गेलात तर आठ-दहा दिवसांत डासांची एक पिढी त्यातून उडते, आणि डेंग्यूचे डास असल्याच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात. पालिकेचा माणूस तपासणीला आला तर पहिलं बोट याच भांड्याकडे जाईल.

सावधान: मुंग्या येतात म्हणून तारेला ग्रीस, तेल किंवा व्हॅसलीन फासू नका. ते पिसांना लागलं की पक्ष्याला साफ करता येत नाही. तारेच्या मधे बाटलीचं झाकण उलटं अडकवून त्यात पाणी भरा, आणि तेही रोज बदला.

टप्पा ५: एक कणीस, आणि धीर

आता झुलती काठी टांगा आणि तिच्या शेजारी मक्याचं एक कणीस, सालं काढलेलं, मधल्या बुंध्यातून तार ओवून. सुटे दाणे नाहीत, फक्त अख्खं कणीस. कबुतराला टांगलेल्या कणसातून दाणा उपसता येत नाही. पोपटाची चोच त्यासाठीच घडलेली आहे.

ओलं कणीस त्याच दिवशी संध्याकाळी काढून टाका, ते आंबतं. वाळलेलं मिळालं तर आठवडाभर टिकतं. रब्बी ज्वारीच्या काढणीच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये, गावाकडून ज्वारीची दहा-बारा अख्खी कणसं आणवून ठेवा आणि दोन-दोनची जुडी करून टांगा. पोपटांना ती मक्याहूनही आवडतात असा माझा अनुभव आहे, आणि मुनियांचीही सोय होते.

पहिल्यांदा खार येईल. येऊ द्या. मग कावळा येऊन कणीस ओढून बघेल. माझ्याकडे पहिला पोपट कणीस टांगल्यापासून चोविसाव्या दिवशी आला, थांबायच्या फांदीवर दोन मिनिटं बसला, मान वाकडी करून बघितलं आणि गेला. पुढे चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी तिघं. तुमच्याकडे दोन आठवडे लागतील किंवा दोन महिने. या काळात लोक हमखास चार चुका करतात.

रोज जागा बदलतात. आज इथे, उद्या तिथे. पोपट जागा लक्षात ठेवतो. तुम्ही बदललीत की त्याचं मोजणं पुन्हा पहिल्यापासून.

मोबाइलवर पोपटांचे आवाज लावतात. त्यातला आवाज बोलावण्याचा आहे की धोक्याचा, हे तुम्हाला कळत नाही, त्यांना कळतं.

काचेला नाक लावून उभे राहतात. घरातला दिवा बंद ठेवा, पडदा अर्धा ओढा आणि खुर्चीत बसा. उभा माणूस चालत नाही, बसलेला चालतो.

आणि चौथी, सगळ्यात मोठी: धीर सुटतो आणि 'निदान काहीतरी येऊ दे' म्हणून मूठभर तांदूळ टाकतात. तिथे खेळ संपतो. असं झालंच, तर सगळं उतरवा, धुवा आणि पंधरा दिवस रिकामं ठेवून चौथ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा.

तपासणी: पोपट सलग तीन-चार दिवस त्याच वेळेला आले का? मगच वाटी टांगा.

टप्पा ६: आता धान्य

टरफलासकट कच्च्या भुईमुगाच्या शेंगा हे माझं पहिलं उत्तर. कबुतराला शेंग फोडता येत नाही, पोपट ती पायात धरून सोलतो. त्याबरोबर थोड्या सूर्यफुलाच्या बिया, सालीच्या. सूर्यफुलात तेल फार, म्हणून चमचाभर पुरे. अर्धा कापलेला पेरू किंवा डाळिंबाची फोड तारेला अडकवली तर चालते. संध्याकाळी उरलेली काढायची. हिरव्या मिरचीचं विचारतात. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवतच नाही, त्यामुळे ती ते मजेत खातात, पण ती तोंडी लावणं आहे, जेवण नव्हे.

प्रमाण: सगळं मिळून सकाळी एक मूठ, तासा-दोन तासांत संपेल एवढंच. दुपारी वाटी रिकामी असली पाहिजे. ती संध्याकाळपर्यंत भरलेली दिसत असेल तर तुम्ही जास्त घालता आहात. पोपटांनी दिवसभराचं पोट झाडांवरच भरायचं आहे. तुमच्याकडे येणं हा वाटेवरचा चहा समजा.

शेंगांबद्दल नीट लक्ष द्या, कारण नुकसान इथेच होतं. ओलसर साठवलेल्या शेंगांवर बुरशी येते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, जे यकृतावर जातं. काळे डाग, सुरकुतलेला दाणा, कुबट वास, यातलं एक जरी दिसलं तरी अख्खी पिशवी टाका. 'निवडून घेऊ' असं करू नका. किलोभरापेक्षा जास्त आणू नका आणि हवाबंद डब्यात ठेवा.

सावधान: कृषी केंद्रात मिळणारं पेरणीचं बियाणं कधीही घालू नका. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. गुलाबी, लाल किंवा निळसर रंग दिसतो तो त्याचाच. ते विष आहे. धान्य खायच्या धान्याच्या दुकानातूनच घ्या.

हे घालायचं नाही: खारे दाणे, फरसाण, शेव, बिस्किटं, ब्रेड, दूध-पोळी, चॉकलेट, चहा-कॉफीचं काहीही, आणि अ‍ॅव्होकॅडो, जो पोपटांना थेट विषारी आहे. कच्चा राजमा नको. भिजवलेला हरभरा पोपट खातात हे खरं, पण आपल्या उन्हात तो दुपारपर्यंत आंबतो, म्हणून मी घालत नाही.

वेळ पाळा. उजाडल्यावर घाला, आणि दिवे लागणीच्या आत वाटी, कणीस आणि परात आत घ्या. रात्री बाहेर राहिलेलं धान्य पोपटांसाठी नसतं, उंदरांसाठी असतं. सोसायटीची तक्रार येते ती बहुतेक वेळा पोपटांवरून नाही, उंदरांवरून.

आणि हट्टी कबुतर? ते काठीवर बसायला शिकलं तर काठी बोटभर आखूड करा आणि आठवडाभर फक्त कणीस ठेवा. हाकलत बसू नका. तुम्ही हाताने हाकललं की पोपट आधी जातो आणि कबुतर नंतर, आणि परत येताना हा क्रम नेमका उलटा असतो.

टप्पा ७: साफसफाईचं वेळापत्रक

रोज: पाण्याचं भांडं घासणं, परात रिकामी करणं.

आठवड्यातून एकदा: वाटी, परात, जाळी गरम पाण्याने आणि साबणाने धुवा. मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा, भरपूर पाण्याने खळबळा आणि कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. ओलसर वाटीत धान्य भरणं म्हणजे बुरशी पेरणं. काठीचा तुकडा महिना-दोन महिन्यांनी बदला. तसाही पोपटांनी सोलून ठेवलेला असतो.

वाळलेली विष्ठा कोरड्या झाडूने झाडू नका. आधी पाणी शिंपडून भिजवा, मग पुसा. मास्क आणि हातमोजे घाला, ब्रश वेगळा ठेवा आणि हे काम स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये करू नका.

पिसं फुगवून डोळे मिटत बसलेला, उडायला टाळाटाळ करणारा पक्षी दिसला तर त्याच दिवशी सगळं उतरवा. एकाच वाटीतून वीस पक्षी खातात तेव्हा आजारही तिथूनच वाटला जातो. दोन आठवडे बंद ठेवा. पक्षी विखुरतात, तेच हवं असतं.

टप्पा ८: कधी थांबायचं

पहिला वळवाचा पाऊस झाला की धान्याची वाटी उतरवा. पावसाळ्यात दाण्याला दोन दिवसांत कोंब येतात, तिसऱ्या दिवशी बुरशी. पोपट उपाशी राहत नाहीत. पाण्याचं भांडंही आत घ्या. ऑक्टोबरात पुन्हा लावलंत की जुने गिऱ्हाईक आठवड्यात परत येतात.

हिवाळ्याच्या शेवटी ते उन्हाळ्यापर्यंत त्यांची वीण चालते. मादी ढोलीत अंड्यांवर बसते, तीन आठवड्यांहून जास्त, म्हणून मधेच पट्टीवाले नरच दिसू लागतात. 'पोपट कमी झाले' म्हणून धान्य वाढवू नका. मे महिन्यात आखूड शेपटीची, फिकी, भित्री पिल्लं बरोबर घेऊन ते येतात.

संक्रांतीच्या आसपास आठवडाभर फीडरच्या भोवतालच्या फांद्या आणि तारा रोज बघा. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तरी तो कुठल्या तरी फांदीवर लोंबताना सापडतोच. हातमोजे घालून, कात्रीने बारीक तुकडे करून कचऱ्यात टाका.

जखमी पक्षी सापडला तर पुठ्ठ्याच्या खोक्यात हवेची भोकं पाडून, अंधारात, पाणी न पाजता ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. बरा करून घरीच ठेवू, हा विचार मनात आला तर तो तिथेच सोडा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणं, विकणं आणि पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. फीडरवर एखादा पोपट हातावर येऊ लागला तर खूश होऊ नका. माणसाला न घाबरणारा पोपट पुढच्या इमारतीतल्या पकडणाऱ्यालाही घाबरत नाही. हातातून कधी भरवू नका.

तरीही येत नाहीत?

पाणी ठेवल्यापासून तीन महिने झाले आणि पोपट समोरच्या झाडावर बसतात पण तुमच्याकडे येत नाहीत, तर या क्रमाने बघा. आधी थांबायची फांदी: ती फीडरपेक्षा उंच आहे का? नसेल तर उंच करा. मग हलणाऱ्या वस्तू: वाळत घातलेली चादर, विंड चाइम, चकचकीत सीडी, कबुतरांसाठी लावलेलं प्लास्टिकचं घुबड. हे सगळं काढा. तुमचं घुबड कबुतराला वाटतं त्याहून पोपटाला जास्त खरं वाटतं. मग शिक्रा: चोरट्यासारखा झाडात बसणारा छोटा ससाणा जवळ घरटं करून असेल तर सगळेच पक्षी त्या बाजूने जाणं टाळतात, आणि त्यावर उपाय नाही, वाट बघायची. शेवटी वेळ: तुम्ही कणीस आठ वाजता टांगत असाल तर ते तासापूर्वीच तुमच्यावरून उडून गेलेले असतात. गजर साडेपाचचा लावा.